ब्रॅकिओसॉरस, डिप्लोडोकस आणि डोंगरगावचा इसीसॉरस: कोण कोणाच्या जवळचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: लांब मानेचे हे सगळे अवाढव्य डायनोसॉर एकाच घराण्यातले का? त्यांतला कोण कोणापासून झाला? आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात सापडलेला इसीसॉरस त्यांच्यात कुठे बसतो? आणि दर पुस्तकात यांची वंशावळ वेगळी का दिसते?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. हे सगळे सॉरोपॉड, म्हणजे मोठं कूळ एकच. पण कुळाच्या आत दोन मोठ्या शाखा आहेत आणि त्या फार लवकर फुटल्या. डिप्लोडोकस एका शाखेवर, तर ब्रॅकिओसॉरस आणि इसीसॉरस दोघेही दुसऱ्या शाखेवर. डिप्लोडोकस आणि ब्रॅकिओसॉरस सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी अमेरिकेच्या पश्चिम भागात एकाच प्रदेशात चरत होते, त्यांची हाडं मॉरिसन नावाच्या एकाच खडकसमूहात मिळतात. इसीसॉरस त्यानंतर आठ कोटींहून जास्त वर्षांनी, समुद्रात एकट्या पडलेल्या भारतात वावरत होता. तरीही ब्रॅकिओसॉरसचं रक्ताचं नातं शेजारच्या डिप्लोडोकसपेक्षा या दूरच्या इसीसॉरसशी जवळचं आहे. आणि यांच्यातला कोणीही कोणाचा बाप किंवा आजा नाही. हे सगळे चुलत भाऊबंद. त्यांचे सामाईक पूर्वज वेगळे, आणि त्यांची हाडं बहुधा आपल्या हाती कधीच लागणार नाहीत.

लॅमेटा थरांतली, म्हणजे इसीसॉरस ज्या खडकांत मिळाला त्यांतली, हाडं साफ करून मोजण्यात माझं बरंच आयुष्य गेलं आहे, त्यामुळे हे उत्तर मी मुख्यतः मणक्यांच्या अंगाने देणार आहे. सॉरोपॉडांच्या नात्याचा निकाल बऱ्याच वेळा मणकाच लावतो.

नातं ठरवण्याचा नियम एकच आहे आणि तो नीट समजला की पुढचं सगळं सोपं जातं. दोन प्राण्यांत साम्य आहे एवढं पुरत नाही. ते साम्य नव्याने आलेलं असावं लागतं, म्हणजे त्यांच्या सामाईक पूर्वजात पहिल्यांदा उपजलेलं आणि त्याच्याही मागच्या पिढ्यांत नसलेलं. चार पाय, लांब मान, लहान डोकं, भक्कम खांबासारखे पाय ही लक्षणं जवळजवळ साऱ्या कुळाकडे आहेत. सगळ्यांकडे असलेलं लक्षण कुळाची हद्द सांगतं, पण कुळाच्या आत कोण कोणाचं जवळचं ते सांगू शकत नाही. म्हणून लांब मान, जी आपल्याला सर्वांत आधी दिसते, ती आतल्या नात्यासाठी जवळपास निरुपयोगी ठरते.

त्यातही मान लांब करण्याचे मार्ग प्रत्येकाचे निराळे आहेत, आणि हे मला या विषयातलं फार सुंदर प्रकरण वाटतं. जिराफाची मान कितीही उंच गेली तरी तिच्यात सातच मणके असतात. सॉरोपॉडांवर असं बंधन नव्हतं. कॅमारासॉरसच्या मानेत १२ मणके, टांझानियात सापडलेल्या जिराफाटायटनच्या मानेत १३, डिप्लोडोकसच्या १५, चीनच्या युहेलोपसच्या १७, तर मामेन्चीसॉरसच्या काही जातींत १८ किंवा १९. ब्रॅकिओसॉरसच्या घराण्याने मणक्यांची संख्या बेताची ठेवून एकेक मणका प्रचंड लांबवला. डिप्लोडोकसचा सख्खा म्हणावा असा भाऊबंद बॅरोसॉरस याने तर पाठीचा एक मणका मानेकडे वळवला. डिप्लोडोकसच्या पाठीत १० मणके आहेत, बॅरोसॉरसच्या ९, आणि मानेत त्याच्याकडे एक जास्त. उलट अर्जेंटिनात ब्रॅकिट्रॅकेलोपॅन नावाचा सॉरोपॉड सापडला, २००५ मध्ये त्याचं वर्णन झालं. त्याची मान पाठीपेक्षाही आखूड आहे. केवळ दिसण्यावर गेलो तर त्याला या कुळातून बाहेरच काढावं लागेल. पण त्याच्या मणक्यांवरचे उंच काटे आणि कमानीची ठेवण पाहिली की तो डिक्रिओसॉरिड घराण्यातला, म्हणजे डिप्लोडोकसच्या शाखेतलाच हे उघड होतं. मान आखूड झाली, घराणं बदललं नाही.

अवाढव्य आकाराचंही तेच. आजवरच्या सर्वांत मोठ्या जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांना मागे टाकणारं वजन सॉरोपॉडांत तीन डझन वेळा स्वतंत्रपणे आलं, असा हिशेब २०२३ मध्ये हाडांच्या मापांवरून मांडला गेला. सुपरसॉरस डिप्लोडोकसच्या बाजूचा, आर्जेन्टिनोसॉरस आणि पॅटागोटायटन टायटॅनोसॉर, म्हणजे इसीसॉरसच्या घराण्यातले. तिघेही राक्षसी, पण पहिल्याचा दुसऱ्या दोघांशी संबंध फार दूरचा. आणि याच टायटॅनोसॉरांच्या घराण्यात रुमानियाचा ठेंगणा मॅग्यारोसॉरसही आहे.

आता त्या दोन शाखा. दोन्ही मिळून निओसॉरोपोडा. एक डिप्लोडोकॉइडिया, दुसरी मॅक्रोनेरिया. डिप्लोडोकसच्या बाजूला तोंड पुढे चौकोनी, दात पेन्सिलीसारखे बारीक आणि फक्त जबड्याच्या पुढच्या टोकाला दाटीने बसवलेले, नाकाचं भोक कवटीच्या माथ्यावर मागे सरकलेलं. पुढचे पाय मागच्यांपेक्षा चांगलेच आखूड. घराण्यातल्या कित्येकांना लांब, चाबकासारखी निमुळती शेपटी. मॅक्रोनेरियात नाकाचं भोक भलंमोठं, आणि पुढच्या पायाच्या तळव्यातली हाडं लांब होऊन नळीसारखी उभी राहिलेली. ब्रॅकिओसॉरसचं पुढचं अंग उंच दिसतं त्यात दंडाच्या लांब हाडाबरोबर या तळव्याच्या हाडांचाही वाटा आहे. या शाखेवर आधी कॅमारासॉरस फुटतो, मग ब्रॅकिओसॉरसचं घराणं, आणि त्यापुढे टायटॅनोसॉरांकडे जाणारी वाट. क्रिटेशियसच्या, म्हणजे डायनोसॉरांच्या अखेरच्या कालखंडाच्या, शेवटी जगभर जे सॉरोपॉड उरले होते ते जवळजवळ सगळे टायटॅनोसॉरच. आपले लॅमेटा थरांतले सॉरोपॉडही तेच.

आता दातांकडे येतो, कारण दातांनी आमच्या विषयाला बरीच वर्षं चुकीच्या वाटेवर ठेवलं.

कॅमारासॉरसचे दात रुंद, चमच्यासारखे. पण रुंद दात हे या कुळाचं जुनं लक्षण आहे, चीनच्या शुनोसॉरसकडे आणि मामेन्चीसॉरसकडेही ते होतं. म्हणून रुंद दातांवरून आतलं नातं काढता येत नाही. बारीक दात मात्र नवं लक्षण, आणि ते डिप्लोडोकसच्या शाखेची खूण मानलं जाई. १९७१ मध्ये मंगोलियाच्या गोबीतल्या एका कवटीला नेमेग्टोसॉरस नाव मिळालं. धड नव्हतं, फक्त कवटी. दात बारीक, म्हणून त्याची गणना डिप्लोडोकसच्या बाजूला झाली. त्याच नेमेग्ट खडकांतून १९७७ मध्ये ओपिस्थोसीलिकॉडिया नावाचा सांगाडा जाहीर झाला. त्याला धड होतं, पण डोकं आणि मान नव्हती. तो कॅमारासॉरसच्या जवळचा मानला गेला. म्हणजे एकाच थरातून एक डोकं एका शाखेवर गेलं आणि एक धड दुसऱ्या शाखेवर.

याचा उलगडा मंगोलियात झाला नाही, मादागास्करमध्ये झाला. २००१ मध्ये रॅपेटोसॉरस जाहीर झाला, आणि यावेळी कवटीही होती आणि सांगाडाही. क्रिस्टिना करी रॉजर्स आणि कॅथरीन फोर्स्टर यांनी दाखवलं की दात बारीक, नाकाचं भोक वर सरकलेलं, पण सांगाडा निःसंशय टायटॅनोसॉराचा. म्हणजे बारीक दात दोन शाखांत वेगवेगळे उपजले होते. गावोगाव पाटील आडनाव आढळतं म्हणून सारे पाटील एका रक्ताचे ठरत नाहीत. गावची पाटीलकी ज्याच्याकडे आली त्याला आडनाव मिळालं. दातांचंही तसंच झालं. पाला ओरबाडायचा, चावायचा नाही, दात झिजले की पटापट नवे यायला हवेत, हे काम दोन्ही शाखांवर आलं आणि दोन्हीकडे दात बारीक झाले. कामाचा वेग किती होता पाहा: कॅमारासॉरसचा एक दात बदलायला साधारण ६२ दिवस, डिप्लोडोकसचा ३५, आणि आफ्रिकेतल्या नायजरसॉरसचा अवघे १४. दाताच्या आत रोजची वाढ दाखवणाऱ्या रेषा मोजून हे काढलं आहे. रॅपेटोसॉरसनंतर नेमेग्टोसॉरसकडे पुन्हा पाहिलं गेलं आणि त्याचं डोकंही टायटॅनोसॉरांतच आलं. ते डोकं आणि ते ओपिस्थोसीलिकॉडियाचं धड एकाच जातीचं असेल का, हा प्रश्न आता वाजवी झाला. आधी तो विचारताच येत नव्हता.

युहेलोपसची हकिगत मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो, कारण ती हाडांइतकीच माणसांची आहे. चीनच्या शांडोंग प्रांतात मिळालेली ही हाडं १९२९ मध्ये कार्ल विमान यांनी वर्णिली, आज ती स्वीडनमध्ये उप्साला इथे आहेत. १९९० च्या दशकात सॉरोपॉडांची वंशावळ पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर, लक्षणांचे तक्ते करून मांडली जाऊ लागली. इंग्लंडचे पॉल अपचर्च म्हणाले की युहेलोपस हा मामेन्चीसॉरस, ओमेईसॉरस यांच्या चिनी घराण्यातला, म्हणजे निओसॉरोपोडाच्याही बाहेरचा. अमेरिकेचे जेफ्री विल्सन आणि पॉल सेरेनो यांनी १९९८ मध्ये त्याला थेट टायटॅनोसॉरांच्या शेजारी नेऊन बसवलं. एकाच प्राण्याच्या दोन जागा, आणि मधे लाखो पिढ्यांचं अंतर! वाद पुढे ताणता आला असता. पण विल्सन आणि अपचर्च या दोघांनी एकत्र बसून तीच हाडं नव्याने वर्णिली, आणि २००९ च्या संयुक्त निबंधात युहेलोपस मॅक्रोनेरियात, टायटॅनोसॉरांच्या जवळ, हे मान्य झालं. त्याच्या लांब मानेने आणि जास्तीच्या मणक्यांनी त्याला चिनी सॉरोपॉडांकडे ओढलं होतं. अख्ख्या सांगाड्याची साक्ष मात्र दुसऱ्या बाजूची होती.

या दोघांनी त्याआधी, २००३ मध्ये, एक काम केलं होतं आणि ते थेट आपल्या दाराशी येतं. जबलपूरच्या बारा सिमला टेकडीवर १८२८ मध्ये कॅप्टन स्लीमन यांना काही हाडं मिळाली. डायनोसॉर हा वर्गच तेव्हा अस्तित्वात नव्हता, तो १८४२ चा. त्यातल्या शेपटीच्या मणक्यांवरून रिचर्ड लिडेकर यांनी १८७७ मध्ये टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिलं. टायटॅनोसॉर हे अख्ख्या घराण्याचं नाव त्यावरूनच पडलं.

असा एक मणका हातात घेतला तर काय दिसतं ते सांगतो. मणक्याचा मुख्य ठोकळा पुढून खोलगट असतो, मूठ टेकवावी इतका. मागच्या बाजूला त्याच मापाचा गोलवा बाहेर आलेला. एका मणक्याचा गोलवा मागच्या मणक्याच्या खोलग्यात बसतो, त्यामुळे शेपटी हलती राहूनही निखळत नाही. आता वर पाहा. मज्जारज्जू जिच्या खालून जाते ती कमान ठोकळ्याच्या मधोमध नसून पुढच्या अर्ध्या भागावर बसलेली दिसते. ही दोन लक्षणं एकाच हाडावर आहेत, पण ती दोन वेगळ्या पातळीवरची नाती सांगतात. कमान पुढे सरकणं हे टायटॅनोसॉरांपुरतं मर्यादित नाही, ब्रॅकिओसॉरसच्या घराण्यातही ते आहे. म्हणजे ते दोघांच्या सामाईक पूर्वजाकडे बोट दाखवतं. मागचा गोलवा त्याहून आतल्या, टायटॅनोसॉरांच्या वर्तुळाचा. मणका थोडा मातीत झिजलेला असला, गोलव्याची कड तुटलेली असली, तरी कमानीची जागा सहसा शाबूत राहते. म्हणून साफसफाई करताना मी आधी तीच शोधतो.

१८७७ मध्ये असा गोलवा असलेला सॉरोपॉड मणका माहीत नव्हता, त्यामुळे एका जातीला नाव द्यायला तो पुरेसा वाटला. पुढे अर्जेंटिना, युरोप, मादागास्कर, लाओस, जिथे जिथे तसा मणका मिळाला तिथे तिथे त्याला टायटॅनोसॉरस म्हटलं गेलं. एकूण १४ जाती झाल्या. २००३ मध्ये विल्सन आणि अपचर्च यांनी त्या सगळ्या तपासल्या आणि निष्कर्ष काढला की ज्या लक्षणावर नाव उभं होतं ते आता डझनावारी टायटॅनोसॉरांत आढळतं, इतकंच काय, दूरच्या मामेन्चीसॉरसच्या शेपटीतही पुढच्या मणक्यांना ते स्वतंत्रपणे आलेलं आहे. उलट ओपिस्थोसीलिकॉडियात गोलवा पुढच्या बाजूला आहे, तरी तो टायटॅनोसॉरच. लक्षण खोटं ठरलं नाही. एका जातीची खूण होती ती अख्ख्या घराण्याची झाली. त्यामुळे जबलपूरच्या त्या मणक्यांवरून 'ही अमुक एक जात' असं म्हणता येईना आणि टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव बाद धरलं गेलं. आपल्याकडच्या अनेकांना याचं वाईट वाटलं. मला मात्र तो निर्णय पूर्ण योग्य वाटतो. ते मूळ मणके अनेक दशकं हरवल्याचं मानलं जात होतं. २०१२ मध्ये ते कोलकात्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात पुन्हा मिळाले, भारतातले पहिले डायनोसॉर जीवाश्म म्हणून त्यांचं मोल कायम आहे. नातं ठरवण्यासाठी मात्र ते अपुरे आहेत.

२००३ च्या त्याच निबंधात एका भारतीय प्राण्याला स्वतःचं नाव मिळालं. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ डोंगरगावला भारतीय सांख्यिकी संस्थेच्या सोहनलाल जैन आणि सास्वती बंद्योपाध्याय यांनी एका सांगाड्याचं काम केलं, आणि १९९७ मध्ये तो टायटॅनोसॉरस कोलबर्टी म्हणून जाहीर केला. मान, पाठ, कंबर, शेपटी यांचे मणके, खांदा, पुढचा पाय, कमरेची हाडं, आणि हे सगळं एका जनावराचं. कवटी आणि मागचे पाय नाहीत. तरीही लॅमेटा थरांतून एका प्राण्याचं इतकं एकत्र मिळणं फार मोठी गोष्ट आहे, कारण आमच्याकडे बहुतेक वेळा सुटी हाडं मिळतात, कोणाचा मणका आणि कोणाची मांडी हे कळत नाही. या सांगाड्याची लक्षणं स्वतःची होती, त्यामुळे २००३ मध्ये त्याला इसीसॉरस हा वेगळा वंश मिळाला, त्या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. मानेच्या मणक्यांवर उंच काटे, मान टायटॅनोसॉराच्या मानाने आखूड, पुढचे पाय लांब. खांद्याकडे उंच असलेलं हे जनावर ब्रॅकिओसॉरसची आठवण करून देतं, पण वर म्हटल्याप्रमाणे ते साम्य नात्याचा पुरावा नाही. ब्रॅकिओसॉरसशी त्याचं नातं आहे ते कमानीच्या जागेवरून, हाडांच्या आतल्या बारीक हवेच्या पोकळ्यांवरून आणि अशाच डझनभर लहान गोष्टींवरून.

टायटॅनोसॉरांच्या आत इसीसॉरस नेमका कोणाशेजारी? इथे वेगवेगळे तक्ते वेगवेगळं उत्तर देतात, आणि त्याचं कारण साधं आहे: कवटी नाही. लॅमेटातला दुसरा टायटॅनोसॉर जैनोसॉरस, त्याचं उलट. बारा सिमलाहून हूने आणि मॅटली यांनी १९३३ मध्ये वर्णिलेल्या साहित्यात त्याचा मेंदूभोवतीचा कवटीचा भाग आहे. त्यांनी त्याला अर्जेंटिनाच्या अंटार्क्टोसॉरसची जात मानलं होतं, १९९५ मध्ये तो वेगळा वंश झाला आणि सोहनलाल जैन यांचं नाव त्याला मिळालं. २०१४ मध्ये मादागास्करमधून वाहिनी नावाच्या टायटॅनोसॉराचा तसाच कवटीचा भाग जाहीर झाला आणि त्याचं साम्य आढळलं ते जैनोसॉरसशी. भारत आणि मादागास्कर सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी तुटले, हे प्राणी त्यानंतरचे. म्हणजे त्यांचं सामाईक घराणं तुटण्याआधीचं असणार, हा तर्क मला पटतो. दख्खनचा लाव्हा वाहू लागला तेव्हा आपल्या भागात निदान दोन निरनिराळी टायटॅनोसॉर घराणी नांदत होती, एवढं मी खात्रीने म्हणेन.

याच भागातल्या पिसदुऱ्याच्या जीवाश्म विष्ठेत २००५ मध्ये गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडले हेही जाता जाता सांगतो. ती विष्ठा टायटॅनोसॉरांची मानली जाते. मुद्दा नात्याचा नाही, पण डायनोसॉरांच्या काळात गवत होतं हे जगाला पिसदुऱ्याने दाखवलं.

झाडाच्या बुडाशी गेलो तरी आपलाच प्रदेश भेटतो. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, गडचिरोलीच्या सिरोंच्याजवळच्या कोटा गावावरून ज्यांना नाव मिळालं त्या कोटा थरांत, पलीकडे आजच्या तेलंगणात पोचमपल्लीजवळ, १९६० च्या सुमारास शेकडो हाडांचा साठा मिळाला. तो बारापासॉरस टागोरी, १९७५ मध्ये जाहीर झाला. यामनपल्लीचा कोटासॉरस १९८८ चा. दोघेही ज्युरासिकच्या आरंभीच्या भागातले, दोन मोठ्या शाखा फुटण्याच्या आधीच्या टप्प्यावरचे. बारापासॉरसच्या कमरेत ४ मणके जोडलेले आहेत, निओसॉरोपोडांत साधारण ५ होतात, बहुतेक टायटॅनोसॉरांत ६. कोटासॉरसच्या मांडीच्या हाडात दोन पायांवर चालणाऱ्या पूर्वजांची ठेवण अजून शिल्लक आहे. म्हणून तो आणखी बुडाशी बसतो. ते पूर्वज कसे होते? ब्राझीलचा ब्युरिओलेस्टेस, सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वीचा, दोन पायांवर पळणारा, दीडेक मीटरचा आणि दातांवरून मांसाहारी. सॉरोपॉडांच्या वाटेवरचा तो अगदी सुरुवातीचा प्राणी. आणि मोठं होण्याची धडपडही सॉरोपॉडांपुरती नव्हती. दक्षिण आफ्रिकेचा लेडुमाहाडी, २०१८ मध्ये जाहीर झालेला, सुमारे १२ टनांचा होता, चार पायांवर चालायचा, पण त्याचे पाय खांबासारखे सरळ नव्हते, वाकलेले होते. तो खऱ्या सॉरोपॉडांच्या बाहेरचा. खांबासारखे पाय येण्याआधीच एका बाजूच्या घराण्याने ते वजन गाठलं होतं.

मग वंशावळी का बदलतात? कारणं ठोस आहेत. एक तक्ता करताना प्रत्येक प्राण्यासाठी शेकडो लक्षणांना 'आहे', 'नाही' किंवा 'हाडच नाही' असं उत्तर द्यावं लागतं, आणि मग सर्वांत कमी बदलांत सगळं समजावणारं झाड संगणक शोधतो. सॉरोपॉडांत 'हाडच नाही' हे उत्तर भयंकर जास्त असतं. त्यांची कवटी हलकी आणि मानेशी सैल जोडलेली, मेल्यावर आधी तीच वाहून जाते. लहान पिल्लाचा सांगाडा असेल तर त्याची लक्षणं अजून उमटलेली नसतात आणि झाडावर तो त्याच्या खऱ्या जागेपेक्षा खाली, जुन्या घराण्यांजवळ जाऊन बसतो. शिवाय लक्षणांची यादी कोणी केली यावरही बरंच अवलंबून. २०१५ मध्ये एमानुएल च्योप आणि सहकाऱ्यांनी डिप्लोडोकसच्या घराण्यासाठी जातींच्या ऐवजी एकेक सांगाडा घेतला, ८१ नमुने आणि ४७७ लक्षणं. १९०३ पासून अॅपॅटोसॉरसमध्ये विलीन मानलेला ब्रॉन्टोसॉरस त्यातून पुन्हा वेगळा निघाला. सगळ्यांना ते मान्य नाही, पण त्यांनी काय मोजलं ते उघड आहे, ज्याला खोडायचं त्याने तीच हाडं पुन्हा मोजावीत.

आणि हे बदल सगळीकडे सारखे नसतात. ब्रॅकिओसॉरस आणि टायटॅनोसॉर एका बाजूला, डिप्लोडोकस दुसऱ्या, हा सांधा गेली पंचवीसेक वर्षं जवळजवळ प्रत्येक तक्त्यात टिकून आहे. हलतात ती फांद्यांची टोकं आणि तुकड्यांवर उभी असलेली नावं. म्हणूनच २०२३ मध्ये जैसलमेरहून थारोसॉरस जाहीर झाला, सुमारे १६.७ कोटी वर्षांचा आणि डिप्लोडोकसच्या शाखेतला, तेव्हा आनंद झाला तरी मी विद्यार्थ्यांना जपून राहायला सांगितलं. हाडं थोडी आहेत. त्या शाखेचा इतका जुना पुरावा भारतात असणं शक्य आहे, चीनच्या लिंगवूलाँगनेही ती शाखा जुनी असल्याचं सुचवलं आहे, पण अधिक पूर्ण सांगाडा मिळेपर्यंत त्यावर उगमाचे मोठे दावे उभे करू नयेत असं माझं मत आहे.

हे सांगाडे पाहायचे असतील तर बारापासॉरस कोलकात्याला भारतीय सांख्यिकी संस्थेच्या भूविज्ञान संग्रहालयात उभा आहे आणि कोटासॉरस हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात. मान पाहून झाली की कमरेपाशी थांबा आणि जोडलेले मणके मोजा.

वरोरा, पिसदुरा, डोंगरगाव किंवा सिरोंच्याच्या बाजूला राहणाऱ्यांना मात्र एक कळकळीची विनंती. नांगरताना, विहीर खणताना किंवा नाल्याच्या काठाला दगड झालेलं हाड दिसलं तर ते उचलू नका, घरी नेऊ नका, कोणाला देऊ नका. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून फोटो काढा, मोबाइलवर जागेची खूण जतन करा, आणि नागपूरला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयात कळवा. सुटा मणका दिवाणखान्यात गेला की त्याचं नातं कायमचं तुटतं. जागेवर राहिला तर त्याच्या हातभर अंतरावर, त्याच थरात, त्याच जनावराची कवटी असू शकते, आणि इसीसॉरसची जागा ठरवायला आम्हाला नेमकी तीच हवी आहे.